चार दहाचं दार

२ फेब्रुवारी, सोमवार

धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस. तुझा जुना नंबर लागत नाही आणि मेल पाठवली की दोन मिनिटांत परत येते. पोस्टमनला अजून कुणाला अडवायचं बटण मिळालेलं नाही, म्हणून कागद घेऊन बसले आहे. पत्ता तू बाबांना पाठवलेल्या शेवटच्या पाकिटावरून घेतलाय. तू घर बदललं असशील तर हे भलतंच कुणीतरी वाचत असेल. अहो, तसं असेल तर माफ करा, आणि कृपया इथेच थांबा.

तर, मी बाबांच्या घरी राहायला आले आहे. माझ्या इमारतीला भेगा पडल्या, टेकू लागले आणि आम्हाला आठवड्याभरात बाहेर काढलं. दुसरं जायला ठिकाण नव्हतं, नाहीतर मी इथे पाऊल ठेवलं नसतं हे तुलाही ठाऊक आहे. घर चार वर्षं बंद होतं. म्हणजे माणसांपुरतं बंद. तू बाबांच्या सोयीसाठी म्हणून जे जे लावून दिलंस ते सगळं इकडे सुखाने नांदत होतं. मी शेवटचा ठाऊक असलेला आकडा दाबून, दार ढकलून आत आले तेव्हा कोपऱ्यातला तो गोल डबा बाबांचं नाव घेऊन म्हणाला, ‘आलात? बाहेर हवा छान आहे.’ माझ्या हातातली पिशवी पडली आणि त्यातली काचेची बरणी फुटली.

या घरात आता कुठलीही वस्तू नुसती वस्तू राहिलेली नाही. फ्रीजच्या दारावर पडदा आहे आणि तो मला अटी मान्य आहेत का असं विचारतो. कपडे धुण्याचं यंत्र काम झालं की गाणं म्हणतं. ते बंद करायला फोनवर ॲप पाहिजे, ॲपला खातं पाहिजे, आणि खातं म्हणतं की या घरात आधीच एक मालक आहे. बाथरूमचा दिवा अपडेट झाल्याशिवाय लागत नाही. काल मी अंधारात तोंडात ब्रश धरून ‘अकरा टक्के, बारा टक्के’ ऐकत उभी होते. तू समोर असतास तर तोच ब्रश फेकून मारला असता.

वजनाच्या काट्याने तर कमाल केली. मी उभी राहिले, त्याने जरा विचार केला आणि मला बाबा ठरवलं. ‘पुन्हा भेटून आनंद झाला. मागच्या वेळेपेक्षा तुमचं वजन दोन किलोंनी वाढलं आहे.’ मी खाली उतरले, पुन्हा चढले. पुन्हा तेच. तीन-चार दिवस रोज सकाळी बाबांच्या आलेखात एक एक ठिपका पुढे सरकला. मी काट्यावर जायचं सोडून दिलंय.

माझं काम एवढंच आहे की सगळ्याचा मुख्य पासवर्ड तुझ्याकडे आहे, तो मला पाठव. एका चिठ्ठीवर लिहून पाठव, बाकी एक अक्षर लिहू नकोस हवं तर.

आणि कुलूप. ते रोज दुपारी चार दहाला आपलं आपण उघडतं. खट्ट असा आवाज येतो, कडी सरकते, मिनिटभर दार मोकळं राहतं आणि मग पुन्हा लागतं. छापखान्यातली माझी पाळी साडेतीनला सुटते, त्यामुळे मी नेमकी घरात असते. ते कसं बंद करायचं तेही लिही. चार दहाच का, याबद्दल मला काही बोलायचं नाही.

मी अजून रागावलेलीच आहे. पासवर्डचा आणि त्याचा संबंध नाही.

ताई


११ फेब्रुवारी, बुधवार

धाकट्या,

परदेशी पत्र पोचायला नऊ-दहा दिवस लागतात असं पोस्टातली बाई म्हणाली, म्हणजे तुझं उत्तर इतक्यात यायचं नाही हे मला कळतं. तरी रोज जिन्यातली पेटी उघडून बघते. हे तुला सांगायला नको होतं.

दरम्यान मी कुलूपवाल्या कंपनीला फोन केला. पाऊण तास बासरी ऐकवल्यावर एक मुलगी आली. गोड होती बिचारी.

‘मॅडम, तुमचं कुलूप आमच्याकडे अगदी निरोगी दिसतंय.’

‘निरोगी असेल. पण ते स्वतःहून उघडतं.’

‘मॅडम, स्वतःहून उघडणं हे आमच्या कुलपात होत नाही. कुणीतरी उघडत असणार.’

‘घरात मी एकटीच असते.’

ती म्हणाली, ‘खातेदारांशी बोलता येईल का?’

‘ते वारले.’

‘ओह, सॉरी मॅडम. मग त्यांच्या फोनवर आत्ता एक ओटीपी आला असेल, तो त्यांना विचारून सांगता का?’

मी फोन ठेवला आणि खूप वेळ हसत बसले. मग हसू थांबेना म्हणून स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं. ते पाणीसुद्धा नळाखाली हात धरून, यंत्राची मर्जी सांभाळून मिळवावं लागतं.

खाली, जिन्याच्या तोंडाशी तो म्हातारा शिंपी अजून बसतो. मला बघून म्हणाला, ‘बरं झालं पोरी, आलीस. नकाशेवाले एकटेच असतात.’ बाबांना तो पहिल्यापासून नकाशेवालेच म्हणतो. मला वाटलं वय झालं, विसरला असेल. मी हळूच म्हटलं, ‘काका, बाबांना जाऊन चार वर्षं झाली.’ तर माझ्याकडे न बघता सुईत दोरा ओवत म्हणाला, ‘ते मला माहीत आहे गं. मी स्वतः खांदा दिलाय. पण सव्वाचारच्या सुमाराला वरचं दार वाजतं. फिरायला निघायची वेळ त्यांची. चार वर्षांत एक दिवस चुकलं नाही.’

‘आणि पावलं?’ मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

‘कधी वाटतात,’ तो म्हणाला. ‘मशीन चालू असलं की नीट ऐकू येत नाही.’

हे ऐकून मी वर आले आणि दाराच्या आतून खुर्ची लावून ठेवली. चार दहाला कडी सरकली. खुर्ची हलली नाही, एवढंच सांगते.

तुला आठवत असेल, त्या आठवड्यात याच स्वयंपाकघरात मी तुला काय म्हणाले होते. बाबांचा फोन आला, छातीत दुखतंय, लगेच ये. मी पाच मिनिटांच्या अंतरावर राहत होते. चार दहाला दारात होते. आणि तुझं ते किल्लीचं भोकही नसलेलं दिमाखदार कुलूप अपडेट होत होतं. बावीस मिनिटं मी बाहेर आणि बाबा आत. डॉक्टर म्हणाले, पहिली दहा मिनिटं मिळाली असती तर. मी तुला म्हणाले, तुझ्या कुलपाने बाबांना मारलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तू एक शब्द बोलला नाहीस. नुसता दाराकडे बघत उभा होतास. मला वाटलं, अपराध्याला काय बोलायला असणार.

असो. कंपनीने हात वर केले, तू लांब आहेस. तेव्हा हे कोडं मला स्वतःच सोडवायला हवं. मी माळ्यावरून माझा जुना लॅपटॉप काढलाय. कळा चिकट झाल्यात आणि झाकणाची एक बिजागरी गेलीय, उशीला टेकवून उघडा ठेवावा लागतो. चार वर्षांत मी प्रोग्रामची एक ओळ लिहिलेली नाही. लोकांना सांगते की ऑफिसच्या कटकटीला कंटाळून सोडलं, छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात जास्त सुख आहे. लोकांना ते पटतं.

ताई


२२ फेब्रुवारी, रविवार

धाकट्या,

आज मला तुला एक गंमत सांगायची आहे, आणि ती सांगायला दुसरं कुणी नाही. भांडण बाजूला ठेवून ऐक.

मी प्रोग्राम लिहिला. चालला!

तेवीस ओळींचा. पहिल्यांदा चाललाच नाही, दुसऱ्यांदा असा चालला की लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडायला लागला. एक कंस मिटायचा राहिला होता. मला, जिला छापखान्यात सगळे घार म्हणतात, तिला तो अर्धा तास दिसला नाही. सापडला तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरले. चहा करून घेतला होता, त्यावर साय धरली होती. बोटांना सगळं आठवत होतं रे. डोकं विसरलं होतं, बोटं नाही. आपण दोघं एका खुर्चीवर अर्धे अर्धे बसायचो, बाबा स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून ठेवायचे, दर पंधरा मिनिटांनी कीबोर्ड दुसऱ्याकडे. तू तुझी पाळी संपली तरी स्पेसबार धरून ठेवायचास, चोरा.

प्रोग्राम काय करतो ते सांगते. घरातल्या वस्तू एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी काय कुजबुजतात ते तो चोरून ऐकतो आणि ओळीओळीने लिहून ठेवतो. मी पहिल्यांदा ती यादी वाचली तेव्हा अंगावर काटा आला. टीव्ही बंद असतानाही दर अर्ध्या मिनिटाला कुणाला तरी कळवतो की समोर कुणी नाही. समोर कुणी नाही. समोर कुणी नाही. मी समोरच बसले होते. फ्रीज दिवसाला चारशे वेळा बोलतो, दार मात्र मी तीनदाच उघडते. आणि काटा. त्याच्यातल्या जुन्या नोंदी काढल्या तर त्याने रोज सकाळी साडेसहाला बाबांना हाक मारलेली आहे, ‘आज तुम्ही वजन केलं नाही’. चार वर्षं, रिकाम्या घरात.

त्यानंतर मी थांबलेच नाही. धुण्याच्या यंत्राचं गाणं बंद करायला अकरा ओळी पुरल्या. बाथरूमचा दिवा आता माझं ऐकतो. छापखान्यातून येताना जिना दोन दोन पायऱ्यांनी चढते. शिंपी म्हणाला, ‘काय गं, लग्न ठरलं की काय?’ या वयात! इतक्या वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं, आणि तेही याच घरात. त्याची लाज वाटते. पण वाटतंय ते वाटतंय.

आता कुलपाचं. सात दिवस मी त्याच्यावर पाळत ठेवली. सातही दिवस सोळा वाजून दहा मिनिटं शून्य सेकंदांनी उघडलं. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. माझी खात्री होती की हुकूम बाहेरून येतो, कुणीतरी लांब बसून बटण दाबतं. खरं सांगू? मला वाटत होतं की तूच आहेस. मनातल्या मनात मी ठरवून टाकलं होतं की तू रोज त्या वेळेला तिकडून दार उघडतोस.

पण बाहेरून काहीच येत नाही. चार दहाच्या आधीचा पाऊण तास मी ओळ न ओळ तपासली. हुकूम घरातूनच सुटतो. फ्रीज नाही, टीव्ही नाही, तो गोल डबा नाही. मला ओळखू न येणारं काहीतरी या घरात आहे, ते चोवीस तास गप्प असतं आणि चार दहाला फक्त एक शब्द बोलतं. उघड.

काल मी खुर्ची काढून टाकली आणि दारासमोर उभी राहिले. कडी सरकली. जिन्यातला वारा आत आला आणि दार बोटभर किलकिलं झालं, जसं आतून बाहेर जाणारा माणूस करतो तसं. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘बाबा, मफलर घ्या.’

मग दार लागलं. मी तिथेच बसून राहिले. काय काय बोलले त्यांच्याशी ते लिहीत नाही. बाबांशी बोलायचं होतं ते तुझ्याशीही बोलायचं आहे, पण तुझं पत्र आलं तर. नऊ दिवस जायला, नऊ यायला, असं धरलं तर एव्हाना यायला हरकत नव्हती.

ताई


९ मार्च, सोमवार

धाकट्या,

सापडलं.

चपलांच्या कपाटावर, विजेच्या मीटरला चिकटून, साबणाच्या डबीएवढी पांढरी पेटी आहे. मी ती मीटरचाच भाग समजत होते. धूळ पुसली तर हिरवा ठिपका लुकलुकत होता. लॅपटॉप जोडला. पासवर्ड मागितला. आपला लहानपणचा टाकला, कुत्र्याचं नाव आणि घराचा नंबर. उघडलं. तू तो कधी बदललाच नव्हतास.

आत काय आहे ते तुला माहीत आहे. पण मी काय पाहिलं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. आणि या वेळी सगळं लिहिते.

आधी माझा प्रोग्राम दिसला. हो, माझाच. बाबांचं कुलूप तू बसवलंस, पण दर महिन्याच्या एक तारखेला त्याचा आकडा बदलायची करामत माझी होती. मीच तुला म्हणाले होते की एकच आकडा वर्षानुवर्षं ठेवणं म्हणजे निष्काळजीपणा. बाबांना आतून दार उघडायला आकडा लागायचा नाही, आणि बाहेरून येताना त्यांचं बोट टेकलं की झालं. आकडा माझ्यासाठी होता. प्रोग्राम नवा आकडा ठरवायचा आणि पहाटे सहाला माझ्या फोनवर धाडायचा. इतका चोख चालायचा की मी संदेश वाचायचीही सोडून दिली होती, लागेल तेव्हा बघू म्हणून.

बाबा गेले ती एक ऑक्टोबर होती.

मी दारात पोचले आणि सप्टेंबरचा आकडा दाबला. लाल. पुन्हा दाबला. मला वाटलं घाईत चुकीची कळ दाबली जातेय. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, पाचव्यांदा, तोच आकडा, सावकाश, मोठ्याने म्हणत. आतून बाबांनी एकदा हाक मारली. तुला वाटत असेल ते बेशुद्ध होते. नव्हते. पाच चुका झाल्या की ते कुलूप वीस मिनिटं कुणाचंच ऐकत नाही, त्यांच्या बोटाचंही नाही आणि आतल्या मुठीचंही नाही. तो नियमही तूच मला वाचून दाखवला होतास आणि मी छान आहे म्हणाले होते. नवा आकडा माझ्या खिशातल्या फोनमध्ये सकाळपासून पडून होता. तो मी वाचला तेव्हा कुलपावर ‘कृपया थांबा’ असं आलेलं होतं.

अपडेट वगैरे काही चालू नव्हतं. ते मी सांगितलं. शिंप्याला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, मग तुला सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की मला ते पडद्यावर दिसायला लागलं. आणि त्या दिवसापासून मी कीबोर्डला हात लावला नाही. ऑफिसच्या कटकटीला कंटाळून नाही.

हे मी तुला केव्हातरी सांगेन आणि तू हादरशील, असं मी चार वर्षं समजत होते. हादरायचं माझ्या वाट्याला आलं.

पेटीत माझ्या प्रोग्रामची ओळ झोपवलेली आहे. आपला शब्द, झोपवणं. ओळ खोडायची नाही, तिच्यापुढे खूण करून ठेवायची, म्हणजे यंत्र तिला ओलांडून जातं. बाबांची शिस्त होती ती, नकाशावर कधी रबर चालवायचे नाहीत, चुकलेल्या रेघेवर बारीक फुल्या मारायचे. आणि शेजारी तारीख आणि कुणाचा हात ते लिहायचं, म्हणजे नंतर भांडण नको. तू अजून तसंच लिहितोस. तिथे लिहिलंय:

२ ऑक्टोबर. झोपवली. पाच चुकीचे आकडे, १६:१० पासून. ताईला कळू देऊ नये. हात: धाकटा.

मी ही ओळ किती वेळा वाचली सांगू शकत नाही. दोन ऑक्टोबर. म्हणजे दुसऱ्याच दिवशी तू कुलपाची नोंद काढून पाहिलीस. मी स्वयंपाकघरात तुझ्यावर ओरडले ती चार तारीख होती. तुला तेव्हा सगळं माहीत होतं. तू दाराकडे बघत उभा होतास आणि मी तुला मारेकरी म्हणत होते, आणि तू गप्प बसलास.

तिच्याखाली दुसरी ओळ होती. झोपलेली नाही, जागी:

३ ऑक्टोबर. रोज १६:१० ला दार उघडणे. हात: धाकटा.

चार दहाचं दार तू उघडत होतास तर. तू नाही, तुझी ही एक ओळ. कुणी राहत नसलेल्या घरात, कुणी बाहेर उभं नसताना. मी बाबांशी बोलत होते आणि समोर तू होतास.

का गप्प बसलास? मी कोसळले असते म्हणून? कोसळले असते, खरं आहे. पण तू परत तिकडे इतक्या लांब निघून गेलास आणि पुन्हा फिरकला नाहीस, तुझा नंबर बदललास, ते माझ्या रागामुळे असं मी धरून चालले. आता वाटतं, माझ्यासमोर राहून ते लपवणं तुला झेपलं नसतं. माझी चूक तू डोक्यावर घेऊन फिरलास आणि मी तुला ती घेऊ दिली. मला माहीत होतं ती कुणाची आहे. एक दिवस असा गेला नाही की माहीत नव्हतं.

माफ कर, असं लिहिते. हा शब्द इथे फार लहान पडतो, पण दुसरा मला येत नाही.

मी आज ती जागी ओळ झोपवली. खोडली नाही. तारीख घातली, माझा हात लिहिला. आता चार दहाला तू दार उघडत बसायची गरज नाही. ज्या बाईसाठी उघडत होतास ती आत आलेली आहे.

पासवर्ड नको. उत्तर मात्र हवं, धाकट्या. शिव्या दिल्यास तरी चालेल. तू तिकडे आहेस की ती ओळच मागे ठेवून तू कुठे गेलास, एवढं तरी मला कळू दे.

ताई


२४ मार्च, मंगळवार

धाकट्या,

मागच्या पत्रानंतर दुसऱ्या दिवशी चार दहा आले आणि गेले. काही झालं नाही. मी ज्याला इतकी घाबरत होते तो आवाज आला नाही तर मला बसवेना. उठून दाराला कान लावला. तिसऱ्या दिवशी खालून शिंपी वर आला. गुडघे दुखतात त्याचे, तो कधी वर येत नाही. दारात उभा राहून धापा टाकत म्हणाला, ‘काय झालं गं? दोन दिवस नकाशेवाले निघाले नाहीत.’

मी त्याला आत बसवलं आणि सगळं सांगितलं. पेटी, ओळ, तू. आणि सप्टेंबरचा आकडाही. तू सोडून हे ऐकणारा तो पहिला माणूस. तो म्हणाला, ‘दाबताना तू मोठ्याने म्हणत होतीस ना आकडे? मला खाली ऐकू येत होते.’ एवढंच. पाणी प्यायला आणि कठड्याला धरून खाली गेला. म्हणजे त्यालाही माहीत होतं. मीच एकटी सगळ्यांपासून लपवत बसले होते.

पुढचे दिवस मी प्रोग्राम लिहून काढले. छापखान्यासाठी एक लिहिला, पानांचे आकडे चुकले की दाखवतो. मालक खूश आहेत. काट्यालाही समजावलं, आता तो बाबांना हाक मारत नाही. त्यांचा आलेख मात्र मी जपून ठेवलाय. शेवटचे माझे ठिपके काढले. काम चांगलं चाललं होतं, पण चार वाजले की बोटं आपोआप थांबायची. दहा दिवस गेले, अकरा, बारा, तेरा. पत्र पोचलं नसेल, असं मी एक दिवस म्हणायची. पोचलं असेल आणि त्याने फाडलं असेल, असं दुसऱ्या दिवशी. सगळ्यात वाईट तिसरं होतं. तू आधीच कुठे नसशील, आणि चार वर्षं बाबांच्या घरात फक्त तुझी ती ओळ जिवंत असेल. तसं झालं असतं तर मला कळवणारं कुणी नाही. मी जिवंत ओळ स्वतःच्या हाताने झोपवली, हे दिवसातून दहा वेळा मनात यायचं.

आज चार दहा गेले. मी सिंककडे वळले, कप विसळायला घेतला.

आणि कडी सरकली.

माझ्या हातातून कप सुटला, फुटला नाही. दार बोटभर उघडलं. पुन्हा खट्ट. उघडलेलं दार पुन्हा एकदा उघडायचा हुकूम. मी ओल्या हातांनी लॅपटॉपकडे धावले. पेटी गप्प होती, तिच्यातली ओळ झोपलेली होती. हुकूम बाहेरून आला होता, फार लांबून, तुझ्या नावावरून. सोळा वाजून बारा मिनिटं अडतीस सेकंद. मग सोळा वाजून बारा मिनिटं एक्केचाळीस सेकंद.

तुझ्याकडे तेव्हा पहाट असते. तू उठून बसला असशील, फोन हातात धरून, वेळ टळून दोन मिनिटं होईपर्यंत धीर झाला नसेल.

यंत्र दोनदा दाबत नाही, धाकट्या. माणूस दाबतो. पहिल्यांदा लागलं की नाही याचा त्याला भरवसा नसतो.

लागलं रे. पहिल्यांदाच लागलं.

ताई